अगदी विकतच्यासारखे

आत्याने डूल हातात घेतले, उजेडाकडे धरले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे तू केलेस? अगदी विकतच्यासारखे दिसताहेत!" तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघणं शक्यच नव्हतं. तिने कानातले काढून लगेच ते घातलेही, आणि आरशासमोर मान इकडेतिकडे वळवत राहिली. मी हसून "हो, जमलेत बऱ्यापैकी" असं काहीतरी म्हटलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. डूल साधेच होते. चांदीची जाड तार वाकवून, टोकांना डाख देऊन कडी केलेली, आणि मग ऐरणीवर गोल तोंडाच्या हातोडीने ठोकत चपटी करत नेलेली. एक ठोका दुसऱ्यासारखा नव्हता. कुठे खळी खोल, कुठे उथळ, एका जागी दोन ठोके एकमेकांवर चढलेले. हे सगळं तिला दिसलंच असणार, तिची नजर काही कच्ची नाही. पण तिच्या डोळ्यांत आधी भरली ती चकाकी. आणि चकाकी माझ्या हातची नव्हती. ती खोलीच्या कोपऱ्यात फिरणाऱ्या टंबलरची होती. म्हणजे या दागिन्यात जेवढं मी केलं नव्हतं, नेमकं तेवढंच नावाजलं गेलं होतं. यात राग येण्यासारखं काही नव्हतं, वाईट वाटून घेण्यासारखंही नव्हतं, तरीही काहीतरी खटकलं.

टंबलर म्हणजे दिसायला अगदीच फुटकळ वस्तू. खाली एक मोटर, वर दोन आडवे रूळ, आणि त्या रूळांवर लोळणारा, आतून रबराचं अस्तर असलेला एक जाड ड्रम. ड्रमच्या पोटात स्टीलचे छर्रे. माझ्याकडचे मिश्र आकाराचे आहेत: गुळगुळीत गोळ्या, बारीक काड्या, दोन्ही टोकं तिरकी छाटलेले तुकडे, आणि मधोमध कडा फुटलेल्या चपट्या गोळ्या. मिश्र घेण्याचं कारण साधं आहे. गोळी सपाट जागेवर छान फिरते, पण कोपऱ्यात शिरत नाही. काडी कोपऱ्यात आणि जाळीच्या भोकात शिरते. दीडेक किलोच्या ड्रमला किलोभराच्या आसपास छर्रे पुरतात, त्यावर ते जेमतेम बुडतील एवढं पाणी आणि साबणाचे दोन-चार थेंब. मग दागिने आत, झाकण घट्ट, बटण चालू. पुढचा तास-दोन तास माणसाचं काही काम नाही.

आवाज मात्र आहे. कुणीतरी नळाखाली बसून मूठभर खडे चाळत राहावेत तसा, न थांबणारा. पहिल्या दिवशी तो नकोसा वाटतो, नंतर त्याच्याशिवाय काम पुरं झालंय असं वाटत नाही. आता तर मला तो आवाज वाचताही येतो. पाणी कमी पडलं की त्यात कोरडा खणखणाट येतो. साबण जास्त झाला की फेस दाटतो, आवाज दबका होतो आणि छर्रे घसरण्याऐवजी तरंगल्यासारखे वागू लागतात. ड्रम नीट भरलेला असेल तेव्हा तो एकसुरी असतो, आणि त्या एकसुरीपणात मी दुसरी कामं करते, पुस्तक वाचते, कधी नुसतीच बसते. दागिना घडवताना असं बसता येत नाही. ज्योत हातात असताना नजर क्षणभर हलवली तरी कडी वितळून गोळा होऊ शकते. टंबलर चालू असताना पहिल्यांदाच हात मोकळे असतात, आणि मोकळ्या हातांना अपराधी वाटत राहतं.

आत नक्की काय चालतं हे समजून घेतल्यावर माझी त्या यंत्राबद्दलची भावना बदलली. मला आधी वाटायचं की छर्रे चांदीला घासतात. तसं नाही. घासण्याचं काम कानशीचं आणि पॉलिश पेपरचं. त्यात धातूचे कण निघून जातात. स्टीलचा छर्रा चांदीपेक्षा कितीतरी कठीण आणि वर गुळगुळीत असतो. चांदीचा कठीणपणा मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर जेमतेम अडीच ते तीन. छर्रा तिच्यावर आपटतो, घसरतो, आणि पृष्ठभागावरची उंच टोकं दाबून शेजारच्या खोलगट जागेत ढकलतो. वजन जवळपास तेवढंच राहतं, धातू फक्त इकडचा तिकडे सरकतो. साबणाचं काम छर्र्याला घसरू देण्याचं आणि सुटलेला मळ पाण्यात धरून ठेवण्याचं. असंख्य बारीक ठोके म्हणा ना. मी ऐरणीवर जे मोठ्या हातोडीने करते तेच तो ड्रम अतिशय लहान हातोड्यांनी करत असतो, फक्त कुठे मारायचं हे न ठरवता.

चकाकी ही काय चीज आहे यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं खाजवलंय. न्यूटनने १७०४ साली काचेविषयी लिहिताना म्हटलं होतं की पॉलिश म्हणजे ओरखडे नाहीसे होणं नव्हे. घासण्याची पूड जितकी बारीक तितके ओरखडे बारीक, आणि ते इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसेनासे होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बिल्बी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वेगळंच मांडलं: पॉलिश करताना धातूचा अगदी वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि खाचाखोचा भरून काढतो. त्याची काचेसारख्या थराची कल्पना पुढे जशीच्या तशी टिकली नाही, पण वरचा धातू सरकतो हे मात्र टंबलरमधून निघालेली वस्तू हातात घेणाऱ्या कुणालाही पटेल. पेपर लावून आलेली चकाकी न्यूटनची, ड्रममधली चकाकी थोडीशी बिल्बीची, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. शास्त्रज्ञांनी यावर हसावं, माझी हरकत नाही.

आणि चांदीइतका उजेड परत देणारा दुसरा धातू नाही. दिसणाऱ्या प्रकाशातला ९५ टक्क्यांच्या आसपास भाग ती परत फेकते. म्हणून तर आरशांच्या काचेमागे तिचा थर देतात. पण हे तिच्या चेहऱ्यावर आपोआप येत नाही. डाख देऊन झाल्यावर चांदी काळवंडलेली, टाकणखाराच्या काचेसारख्या खपल्या अंगावर घेतलेली असते. ती कोमट आम्लात टाकली, मी सायट्रिक ॲसिड वापरते, की थोड्या वेळाने पांढरीफटक होऊन बाहेर येते. हा पांढरा रंग मला फार आवडतो. ९२.५ टक्के चांदीत उरलेलं तांबं असतं. तापवल्यावर वरच्या थरातल्या तांब्याचं ऑक्साइड होतं, आम्ल ते खाऊन टाकतं, आणि वर जवळपास शुद्ध चांदीचा, पण खरबरीत असा थर उरतो. तो उजेड सगळ्या दिशांना विखुरतो म्हणून पांढरा दिसतो. अशा अवस्थेतली कडी हातात घेतली की ती धातूची वाटतच नाही. बोट फिरवलं तर किंचित अडखळतं. तिथेच थांबावं असं दर वेळी वाटतं, आणि दर वेळी मी पुढे जाते, कारण तो पांढरेपणा नखाच्या ओरखड्यानेही मोडतो आणि अंगावर घातल्यावर थोड्याच दिवसांत ठिकठिकाणी निघून जातो.

आता टंबलर काय करत नाही ते सांगायला हवं, कारण विकत घेणाऱ्या बहुतेकांची निराशा इथेच होते. तो ओरखडा काढत नाही. कानशीची रेघ राहिली असेल तर ड्रममधून ती रेघ चकचकीत होऊन बाहेर येते, आधी लपलेली होती ती आता हाक मारून बोलावते. डाखाचा ओघळ राहिला असेल तर तो ओघळ चकाकतो. म्हणून ड्रमआधीची संध्याकाळ कागदांची असते. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितके त्याचे कण बारीक: ४००, मग ६००, मग ८००, मग १२००. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. १२०० नंबरच्या कागदावरचे कणसुद्धा साधारण १५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, आणि प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे इतकं घासूनही आपण प्रकाशाच्या मानाने ढेकळांतच असतो. उरलेलं अंतर छर्रे कापतात. पण ४०० ते १२०० हे अंतर कुणी कापून देत नाही. बोटांची टोकं काळी होतात, नखांच्या कडा झिजतात, आणि कडीच्या आतल्या बाजूला कागदाची सुरळी करून घासताना करंगळी आखडते. आत्याच्या डुलांच्या आतल्या बाजूलाही मी हे सगळं केलं होतं. ते तिने पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही उरू नये हाच तर त्या कामाचा हेतू असतो.

त्याहून हट्टी गोष्ट म्हणजे आगीचा डाग. चांदी फार वेळ तापली की हवेतला ऑक्सिजन वरच्या थरातून आत शिरतो आणि तिथल्या तांब्याला गाठतो. आम्ल वरचं ऑक्साइड खातं, आतलं तिथेच राहतं. वरून शुद्ध चांदीचा पातळ पडदा असल्याने तेव्हा काहीच दिसत नाही. मग कागद लागतो, पडदा झिजतो, आणि उजळ पृष्ठभागावर जांभळट राखाडी सावली उमटते, ढग सरकून जाताना जमिनीवर पडते तशी नव्हे, एका जागी ठाम बसलेली. टंबलर तिच्यावर झिलई चढवतो, बस्. ती चकचकीत सावली होते. काढायची तर कानशीनेच काढावी लागते, नाहीतर तापवण्याआधीच बोरिक ॲसिडचा लेप देऊन हवा दूर ठेवावी लागते. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या मिडलसेक्स विद्यापीठात पीटर जॉन्स यांनी तांब्याचा काही भाग काढून त्याजागी जर्मेनियम घातलेली चांदी तयार केली. तिच्यावर हा डाग पडत नाही आणि ती काळीही सावकाश पडते. आर्जेंटियम नावाने ती मिळते. काम करायला सुरेख आहे, मात्र लाल तापलेली असताना तिला हलवलं तर ती तडकते, म्हणजे तिचेही नखरे आहेतच.

ज्यांच्याकडे मी डाख द्यायला शिकले त्या सरांना टंबलर आवडत नसे. त्यांनी कधी तसं म्हटलं नाही. त्यांच्या टेबलावर तो होता, शिकणारे वापरायचे, ते बंद झाला का पाहायला उठायचेही. पण स्वतःच्या कामाला ते ओपणी वापरायचे. लाकडी मुठीत बसवलेलं, टोकाला किंचित वाकलेलं, आरशासारखं गुळगुळीत पोलादी पातं. काही लोक अकीक दगडाचं वापरतात. जुन्या काळी सोन्याचा वर्ख घोटायला प्राण्यांचे दातसुद्धा वापरत. सर ती ओपणी साबणाच्या पाण्यात बुडवायचे आणि खड्याभोवतीच्या कोंदणाच्या कडेवरून एकदाच, जोर देऊन, पुढे ओढायचे. किंचित चीं असा आवाज यायचा. आणि मागे एक उजेडाची रेघ उमटायची. बाकी दागिना मंद, रेशमी, कागदाच्या रेघांचा. फक्त ती कड लखलखीत. नजर आपोआप कडेवरून फिरून खड्यावर यायची. तेव्हा मला वाटायचं, अर्धवट का सोडतात, सगळंच चमकवायचं ना. आता कळतं की उजेड कुठे पडावा हे ते ठरवत होते. आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे कुठे पडू नये तेही.

टंबलर हे ठरवू शकत नाही.

माझ्या मते आत्याच्या वाक्याचं मूळ इथे आहे. यंत्राने चमकवलेल्या वस्तूत सगळीकडे सारखाच उजेड असतो. पुढे, मागे, कडेला, खाचेत, जिथे कुणी पाहणार नाही तिथेही. ठोक्याच्या खळीचा तळ आणि तिचा काठ यांत फरक उरत नाही, काठ जरासा गोल होतो, तळ जरासा वर आल्यासारखा वाटतो. सारखेपणा पाहिला की आपल्या डोळ्यांना कारखाना आठवतो. याचा अर्थ ओबडधोबड ठेवलं म्हणजे ते हातचं, असा मात्र मी काढणार नाही. ठोक्यांच्या खुणा मुद्दाम मिरवण्यातही एक प्रकारचा तोरा असतो. आजकाल साच्यातून पाडलेल्या दागिन्यांवरही ठोक्यांच्या खळ्या असतात, एकीसारखी दुसरी, ओळीने बसलेल्या. हाताच्या कामाचा पुरावा म्हणून खडबडीतपणा दाखवायचा असेल तर तो पुरावा आता कुणीही छापून देईल. चांगल्या कारागिराने गुळगुळीत केलेली पाटली पाहिली आहे का कधी? तिच्यावर हाताची एकही खूण नसते आणि तरीही ती यंत्राची वाटत नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित तिच्या कडा थकत नाहीत म्हणून. प्रत्येक कड जिथे धारदार हवी तिथे धारदार आणि जिथे त्वचेला लागेल तिथेच गोल असते.

एवढं बोलून झाल्यावर एक कबूल करायला हवं. ड्रम उघडण्याचा क्षण मला फार आवडतो, आणि तो आवडत नाही असं दाखवण्यात अर्थ नाही. झाकण निघताना रबराचा सुस्कारा येतो. आत राखाडी फेस, कधी अगदी पांढरा, त्यावरून अंदाज येतो की दागिने किती मळके होते. मग हात घालायचा. थंड, जड, निसरडे छर्रे बोटांतून वाहतात आणि त्यांच्यात कुठेतरी काहीतरी वेगळं लागतं: एक वाक, एक सपाट जागा. डोळ्यांनी दिसत नसतं पण बोट सांगतं, ही अंगठी. ती ओढून पाण्याखाली धरायची. फेस ओघळतो आणि खालून जे येतं ते पाहून मन अगदी लहान मुलाचं होतं. आत टाकताना पांढुरकी, थकलेली दिसणारी वस्तू बाहेर येताना स्वतःचा उजेड घेऊन येते. सगळं चाळणीत ओतून मोजून घ्यायचं असतं, कारण एखादी छोटी जोडकडी छर्र्यांत दडी मारून बसतेच. छर्रे धुवायचे, निथळायचे. स्टेनलेस असतील तर एवढंच पुरतं. साध्या पोलादाचे असतील तर पूर्ण कोरडे करावे लागतात, नाहीतर गंज चढतो, आणि गंजका छर्रा चांदीवर बारीक भोकं पाडतो. नवा ड्रम असेल तर पहिली फेरी दागिन्यांविना, नुसत्या छर्र्यांची आणि साबणाची करावी. अस्तरातून आणि छर्र्यांवरून जे काळं पाणी निघतं ते पाहिलं की याचं कारण विचारावं लागत नाही. आणि काम झाल्यावर दागिने रात्रभर आत ठेवू नयेत. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घातलेलं असतं, आणि गंधक व चांदी एकमेकांना भेटली की जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे: काळं सिल्व्हर सल्फाइड.

ड्रममध्ये काय जाऊ नये याची मात्र मी भिंतीवर यादीच लावलीय. मोती, पोवळं, ओपल, फिरोजा, अंबर यांना बंदी. मोत्याचं पाणी स्टीलच्या माराने जातं, ओपल तडकतो. गोंदाने चिकटवलेलं काहीही नको. पोकळ मणी नकोत. त्यांच्या भोकातून पाणी आत जातं आणि नंतर कितीतरी दिवस बाहेर येत राहतं. मुद्दाम मंद ठेवलेलं काही नको, ते उघडच आहे. मुद्दाम काळं केलेल्या चांदीबद्दल मात्र मतं वेगवेगळी आहेत. गंधकयुक्त पोटॅशच्या पाण्यात बुडवून नक्षीच्या खाचा काळ्या करतात, मग उंचवटे पुसून उजळतात. असा दागिना थोडा वेळ टंबलरमध्ये फिरवला तर काळेपणा दाबला जाऊन बंदुकीच्या नळीसारखा गडद, तकतकीत होतो. जास्त वेळ ठेवला तर उडायला लागतो. मला तो थोड्या वेळचा काळा फार आवडतो. तिथे ड्रमच्या सारखेपणाला खाचांचा अंधार पुरून उरतो.

चांदीची माती हा आणखी एक प्रकार. जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आणली: चांदीची अतिबारीक पूड, पाणी आणि चिकटवणारं द्रव्य. हाताने घडवायची, वाळवायची, भाजायची. चिकट द्रव्य जळून जातं आणि चांदीचे कण एकमेकांना धरून घट्ट होतात. भट्टीतून येते तेव्हा खडूसारखी पांढरी. तारेच्या ब्रशने ती घासली की आधी मंद झळाळी येते, मग टंबलरमध्ये आरसा. अशा कामात बोटाचा ठसासुद्धा उमटलेला राहतो, आणि ड्रम तो ठसा इमानेइतबारे चमकवतो. हातातल्या रेषा अशा लखलखताना पाहून मला जरा अस्वस्थ व्हायला होतं. हाताची खूण आणि यंत्राची चकाकी यांचं इतकं बेमालूम लग्न दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

टंबलरची बाजू घेणारे एक कारण हमखास सांगतात: म्हणे त्याने धातू कडक होतो. कानातल्याच्या तारा ड्रममध्ये फिरवल्या की वाकत नाहीत. यात तथ्य आहे, पण थोडंच. ठोक्याने चांदी कडक होते हे खरं. ऐरणीवर काम करताना ती हळूहळू हाताला विरोध करायला लागते, आणि पुन्हा मऊ करायला तापवावी लागते. छर्र्यांचेही ठोकेच. पण ते इतके हलके असतात की फक्त कातडी कडक होते, गाभा तसाच मऊ राहतो. तार खरंच ताठ हवी असेल तर पकडीत धरून एकदोनदा पीळ द्यावा, नाहीतर हलक्या हातोडीने चपटी करावी. ड्रमवर विसंबून राहिलेली तार पहिल्याच स्वेटरमध्ये अडकून सरळ होते. मला या समजुतीचा राग येतो, कारण ती चकाकीला ताकद समजते.

मध्यंतरी आत्या पुन्हा भेटली तेव्हा डूल तिच्या कानात होते, आणि ते बदलले होते. ठोक्यांच्या खळ्यांचे तळ करडे झाले होते, काठ मात्र उजळ, मानेला आणि केसांना घासून. मागची बाजू पुढच्यापेक्षा चकचकीत होती. बारीक ओरखड्यांची एक धूसर जाळी वर चढली होती, आणि तिच्यामुळे चकाकी थोडी मऊ पडली होती. माझ्या दृष्टीने ते तेव्हा पहिल्यांदाच ठोकलेल्या डुलांसारखे दिसत होते. ड्रमने जो फरक पुसला होता तो तिच्या मानेने परत आणला होता. ती म्हणाली, "बघ ना, काळे पडले. टाक बरं तुझ्या त्या मशिनमध्ये, पहिल्यासारखे करून दे." मी म्हटलं, "आत्या, आता खरे छान दिसताहेत." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की काम टाळायची ही नवी सबब आहे. मग मी ते घेतले आणि ड्रममध्ये टाकलेही. दागिना तिचा, कान तिचे. कडीच्या कडेवरून मात्र मी बाहेर काढल्यावर ओपणी फिरवली, जोर देऊन, एकदा. ती कड उरलेल्या चकाकीतही वेगळी उठून दिसते की नाही, मला शंका आहे. मला दिसते.

तेव्हापासून ड्रमजवळ दोन ताटल्या असतात. एकीत जायच्या वस्तू, दुसरीत न जायच्या. रुंद अंगठ्या, कोंदणं, ज्यांच्यावर मी कागदाने एकाच दिशेने रेघा ओढल्यात असे पत्रे, हे सगळं दुसरीत. त्यांची कड ओपणीने, बाकी कागदावर सोडायचं. पहिलीत जोडकड्या, कानातल्याच्या तारा, बारीक मणी, पेटीत राहून काळवंडलेल्या जुन्या वस्तू, आणि ज्यांना कुणी आधीच "चकचकीतच हवं" असं सांगून ठेवलंय ते. दुसरी ताटली हळूहळू भरत चाललीय, आणि तिच्यातल्या वस्तू पूर्ण व्हायला वेळ लागतो, त्यामुळे टेबलावर अर्धवट कामांची गर्दी वाढलीय. यंत्र असताना हा उपद्व्याप का, असं मला विचारणारे घरातच आहेत.

साखळीच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही, सरांचंसुद्धा नाही. शेकडो कड्या, प्रत्येकीला आतली बाजू, प्रत्येक सांध्यात डाखाचा ठिपका. कागद तिथे पोचत नाही, ओपणी पोचत नाही. बफिंगच्या चाकावर धरायची तर ते काम भलतंच धोक्याचं. फिरतं चाक साखळीचं टोक पकडतं आणि क्षणात ती गुंडाळून घेतं, बोटांसकट. ड्रममध्ये बारीक काड्या एकेका कडीच्या पोटात शिरतात आणि कुणावरही जास्त मेहरबानी न करता सगळ्यांना सारखंच उजळतात. साखळीला नेमकं तेच हवं असतं. तिच्यात एक कडी जास्त चमकली तर ती चूक दिसते. तेव्हा साखळी असेल तर ताटल्यांचा विचारही न करता मी दोन्ही टोकं एकमेकांत अडकवते, गुंता होऊ नये म्हणून मधे एखादी प्लास्टिकची पट्टी बांधते, साबणाचे थेंब टाकते आणि झाकण लावते.